जुनी फिशिंग कयाक: आधी तळ, मग भोकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पवनेकाठचा एक कॅम्प बंद झाला, त्यांच्याकडून दहा फुटी, वर बसून वल्हवायची प्लास्टिकची कयाक घेतलीत. तास-दीड तासात आत बादलीभर पाणी जमतं. तळाला भेग दिसली म्हणून मळून लावायची एपॉक्सी लांबी भरलीत, ती पुढच्याच खेपेला अख्खीच्या अख्खी सुटून हातात आली. आता विचारताय की आतून फायबरचा थर मारू का. आणि रॉड होल्डर, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र), नांगर, जमलं तर मोटर, हे सगळं कुठे नि कसं बसवू.

फायबरचा थर मारू नका, तोही सुटेल. अशा कयाक पॉलिइथिलीनच्या असतात आणि या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो. लांबी, सिलिकॉन, रेझिन, काहीच त्याला धरत नाही. वरवर घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण पाण्यात तळ थोडा वाकतो, वरचं कडक ठिगळ वाकत नाही, आणि कडेपासून सुटायला सुरुवात होते. पृष्ठभागावर गॅसची ज्योत झरझर फिरवून मग खास लवचिक एपॉक्सी लावायची एक पद्धत आहे, ती बारीकसारीक कामाला चालते. पण तळाच्या भेगेला भरवशाचा इलाज एकच: तेच प्लास्टिक वितळवून त्यातच मिसळायचं. म्हणजे वेल्डिंग.

सामान बसवण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तळ कोरडा राहायला लागला की नुसती रिकामी कयाक घेऊन तीन-चार वेळा पाण्यावर बसून या, तोवर ड्रिल मशीन हातात घेऊ नका. जुन्या कयाकला जितकी भोकं, तितक्या उद्याच्या गळत्या, आणि घरी पार्किंगमध्ये बसून ठरवलेल्या बहुतेक जागा पाण्यावर चुकतात.

आधी प्लास्टिक ओळखा. ड्रेन प्लगच्या, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाच्या बुचाजवळच्या, कडेचं नखाएवढं कात्रण कटरने काढा आणि वाटीभर पाण्यात टाका. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घाला, नाहीतर जड कात्रणही पृष्ठभागावर अडकून फसवतं. तरंगलं तर पॉलिइथिलीन. कात्रणाऐवजी पांढरी भुकटी निघाली आणि आत धागे दिसले, तर कयाक फायबरची आहे. मग तुमची कल्पना बरोबर ठरते: घासून, फायबरची मॅट आणि रेझिनचे दोन-तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. पण पवनेच्या कॅम्पवरची, वर बसायची, म्हणजे जवळपास नक्की पॉलिइथिलीनच.

दुसरी तपासणी महत्त्वाची, आणि ती खरं तर पैसे द्यायच्या आधी करायची असते. प्लास्टिक जिवंत आहे का? कॅम्पवरच्या कयाक वर्षानुवर्षं काठावर उन्हात पडून असतात. उन्हाने पॉलिइथिलीनमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, रंग उडतो, वरचा थर खडूसारखा होतो आणि मग माल ठिसूळ होतो. वरच्या भागावर, जिथे ऊन थेट पडतं तिथे, कटरचं पातं आडवं धरून खरवडा. लांब, गुंडाळलेली साल निघाली तर खाली माल चांगला आहे, वरची पांढरट पापुद्री विसरून जा. भुगा किंवा तुकडे निघत राहिले, कितीही खोल गेलात तरी, तर वेल्डिंग करून उपयोग नाही. एक भेग जोडाल, शेजारी दुसरी पडेल. अशी कयाक गच्चीत पालेभाजी लावायला उत्तम, पाण्यात नको. खालची बाजू सावलीत असते म्हणून ती बरेचदा बरी निघते. पण बसायच्या खोलगट जागेचा माल मेला असेल तर तळ चांगला असून काय करणार?

आता गळती. भेग दिसली म्हणजे पाणी तिथूनच येतं असं धरू नका. कॅम्पच्या कयाकमध्ये पाणी आत जायच्या लाडक्या जागा ठरलेल्या असतात. सैल झालेले हँडलचे आणि सीटच्या पट्ट्यांचे स्क्रू, हॅचच्या, म्हणजे पोकळीत हात घालायच्या तोंडाच्या, झाकणाचं सुकलेलं रबर, ड्रेन प्लगचा वायसर, घासून पातळ झालेलं मागचं टोक, आणि स्कपर. स्कपर म्हणजे बसायच्या जागेतलं पाणी खाली जावं म्हणून असलेली आरपार भोकं. ती नळीसारखी वरून खाली जातात, आणि त्यांच्या तोंडाशी, तळाच्या बाजूला, गोल बारीक चीर पडते. काठावरून फरफटत नेणं हे एक कारण. दुसरं, ज्या ट्रॉलीचे खुंट स्कपरमध्ये खुपसून कयाक ओढतात त्या ट्रॉल्या. सगळा भार दोन नळ्यांवर येतो.

शोधायची पद्धत सांगतो. कयाक उलटी-सुलटी करून आतलं पाणी पूर्ण काढा, दिवसभर वाळू द्या. मग दोन जुन्या टायरांवर सरळ ठेवा, खालून बघता येईल इतकी उंच. बाहेरून तळ कोरड्या फडक्याने पुसून टाल्कम पावडर फासा. आत हॅचमधून किंवा ड्रेनच्या भोकातून वीस-पंचवीस लिटर पाणी घाला आणि हळूहळू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कलती करत जा. जिथून पाणी पाझरेल तिथे पावडरीवर आधी काळपट ठिपका उमटतो, मग ओघळ. ठिपका उमटला की लगेच मार्करने गोल करा, ओघळानंतर मूळ जागा सापडत नाही. वीस लिटर म्हणजे वीस किलो, तेव्हा अर्धी भरून उचलायला जाऊ नका, एखादी बाजू तिथेच बसेल.

वरच्या स्क्रूंसाठी उलट करायचं. पाणी काढून टाका, ड्रेनच्या भोकाला फडकं गुंडाळून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू हलकीच लावा आणि बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने फिरवा. बुडबुडे बोलतात. गॅरेजमधला कॉम्प्रेसर मात्र लावू नका. मोठ्या सपाट पृष्ठभागावर थोडा दाबही भयंकर जोर होतो, आणि नसलेली भेग तयार होते.

एवढं करून आत वाटीभर पाणी उरलं तर बिथरू नका. थंड पाण्यावर उन्हात तापलेली बंद पोकळी आतून घामेजते, झाकणातूनही थोडे थेंब जातात.

आता वेल्डिंग, यावर थोडं रेंगाळतो. पहिला प्रश्न भरायला माल कुठला. उत्तम माल त्याच कयाकचा, म्हणजे पुढे कधी हॅच कापलंत तर तो तुकडा जपून ठेवा. तो नसेल तर छपरावरच्या पाण्याच्या टाकीचा तुकडा आणा. टाक्या आणि कयाक एकाच पद्धतीने होतात: साच्यात पॉलिइथिलीनची पूड घालून साचा तापवत फिरवायचा. त्यामुळे माल एकाच जातीचा आणि एकमेकांत नीट मिसळतो. भंगारवाल्याकडे फुटकी टाकी मिळते, जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर हमखास. तीन थरांची टाकी असेल तर मधला फेसाळ थर कापून टाका, बाहेरचा भरीव थरच घ्या. निळ्या ड्रमचे तुकडे लोक सुचवतील, पण तो माल जास्त घट्ट, वितळल्यावरही नीट वाहत नाही, जोड वरवर बसतो. आणि हो, तुमच्या सोसायटीत टाकी जोडायला येणारा माणूस आठवा. त्याच्याकडे हॉट एअर गन असते आणि हात बसलेला असतो. स्वतः करायचा धीर नसेल तर त्यालाच पार्किंगमध्ये बोलवा. फक्त खालचा क्रम त्याच्याकडून करून घ्या, कारण टाकी एका जागी उभी असते, तिला वाकावं लागत नाही, म्हणून ही मंडळी खरवडण्यात घाई करतात.

भेग खरी कुठे संपते ते आधी बघा. त्यावर पर्मनंट मार्कर गिरवा आणि स्पिरिटच्या फडक्याने लगेच पुसा. शाई चिरेत राहते आणि डोळ्यांना न दिसणारं टोक दिसतं. त्या टोकाच्या जरा पुढे, दोन्हीकडे, तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार भेग पुढे पळते, गोल भोकाशी थांबते. मग भेगेवर इंग्रजी व्हीच्या आकाराचा चर कोरा. तळाची जाडी साधारण पाच मिलिमीटर असते, चर तीनेक मिलिमीटर खोल पुरे, आरपार नको. चराच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच जागा पात्याने खरवडा, खालचा चमकदार ताजा माल दिसेपर्यंत. नुसता पॉलिश पेपर मारून भागत नाही, तो उन्हाने मेलेला थर तिथेच चोळतो. तुमच्या एपॉक्सीचे अवशेष एक कणही ठेवू नका. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, तिथे पुन्हा बोट लावायचं नाही.

गन तापमान आकड्यात दाखवणारी हवी, पुण्यात बोहरी आळीत किंवा तपकीर गल्लीत मिळेल. पॉलिइथिलीन १२० ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, पण हवेतून उष्णता पोचवायची म्हणून गनच्या तोंडाशी २५० ते ३०० अंश ठेवावे लागतात. बारीक तोंडाची नळी लावा. टाकीच्या तुकड्याच्या तीन-चार मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या, त्याही खरवडून. गन चर आणि पट्टी दोन्हींवर पुढेमागे झुलवत राहा. दोन्ही एकाच वेळी ओलसर चकाकायला लागले की पट्टी उभी धरून चरात दाबत पुढे सरका. पट्टीच्या दोन्ही कडांना वितळलेल्या मालाची बारीक सरी उठली पाहिजे. सरी उठली नाही तर खालचा माल थंड आहे, जोड नुसता ठेवलेला आहे. धूर निघाला किंवा तपकिरी रंग आला तर जळलं, तेवढं कापून परत. वारा असेल त्या दिवशी गच्चीवर हे काम करू नका, पट्टीची एक बाजू गार राहते. बंद खोलीतही नको, धुरासाठी. पार्किंगची भिंतीकडची बाजू, सकाळची वेळ, बरोबर.

भेग दोन इंचांहून लांब असेल किंवा स्कपरजवळ असेल तर आत जाळी घाला. पिठाच्या चाळणीची स्टेनलेस जाळी घ्या, भेगेवर इंचभर पसरेल एवढी कापा, सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने प्लास्टिकमध्ये दाबत न्या, छिद्रांतून वितळलेला माल वर येईपर्यंत. वरून पुन्हा माल भरून एकही तार उघडी ठेवू नका. तारेचं एक टोक उघडं राहिलं तर हाताला लागतं आणि पाणी त्याच वाटेने आत जातं.

मग गार होऊ द्या. ओलं फडकं ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. हे प्लास्टिक गार होताना चांगलंच आकसतं, घाई केली की जोडाच्या कडेला ताण राहतो. रात्रभर सोडा. सकाळी जोडाच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून बघा. पट्टी सोलून निघाली तर थंड वेल्ड. पण हा प्रयोग कयाकवर आयुष्यात पहिल्यांदा करायचा नसतो. टाकीचेच दोन तुकडे आधी जोडा आणि पकडीत धरून मोडा. जोडाशेजारी माल ताणून पांढरा पडला पण जोड सुटला नाही, की तुमचा हात तयार.

स्कपरच्या तोंडाची चीर खालून अशीच भरता येते, फक्त चर गोल. नळी मधोमध, आतल्या बाजूला फाटली असेल तर गन पोचत नाही. तिथे शेवटचा उपाय म्हणून लांब आट्यांचा प्लास्टिकचा पाइप आरपार घालून वर-खाली रबरी वायसर आणि चेकनट आवळतात, टाकीला कनेक्टर बसवतात तसंच. भोक थोडं लहान होतं, पण गळती थांबते. मागचं टोक घासून पातळ झालं असेल तर तिथे भेग पडायची वाट बघू नका, आत्ताच टाकीच्या मालाच्या दोन-तीन पट्ट्या शेजारी-शेजारी वेल्ड करून जाडी वाढवा. त्या पुन्हा घासल्या की पुन्हा लावायच्या. ट्रॉली घ्याल ती पट्ट्यांच्या झोळीवर कयाक ठेवणारी घ्या, खुंटांची नको.

तळ आत दबलाय का, असेल तर तेही याच हप्त्यात. एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन इथे कामाला येतं. कयाक उन्हात पालथी टाका, दबलेल्या जागी कडकडीत पाणी ओता, आणि हॅचमधून हात घालून आतून रेटा. बरंचसं आपसूक परत येतं. नंतर मात्र सावलीत, कुशीवर, रुंद पट्ट्यांवर ठेवा. मधोमध एका पट्टीवर टांगली की तिथेच पुन्हा दबेल. गाडीच्या टपावर बांधतानाही पट्टा कचकचून आवळू नका, उन्हात तापलेला माल पट्ट्याखाली बसतो.

तळ कोरडा झाला. आता पाण्यावर जायचं, पण कुठे? पुण्याभोवती पाण्याची कमतरता नाही, मोकळ्या पाण्याची आहे. धरणं जलसंपदा विभागाची, मुळशीचं टाटांचं, आणि मासेमारीचा ठेका साधारणपणे स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. खडकवासल्याची एनडीएकडची बाजू लष्करी हद्द, तिकडे वल्हं फिरवूच नका. भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ तर कुठल्याच धरणात जायचं नाही. ज्या गावाच्या काठावरून उतरणार तिथल्या संस्थेच्या माणसाला आधी भेटा, रीतसर परवानगी घ्या. त्याच भेटीत पाण्याखाली झाडांचे खुंट कुठे आहेत, जाळी कुठे लागलेली असतात, हेही कळतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे बांध आणि खुंट जेमतेम वीतभर पाण्याखाली येतात, आणि तुमचा नवा जोड नेमका त्यांच्यावर घासतो.

रिकामी कयाक, अंगात लाइफ जॅकेट, काठापासून जवळ, सोबत कोणीतरी. पहिल्यांदा हे बघा की तुम्ही बसल्यावर स्कपरमधून पाणी वर येतं का. येत असेल तर तुमचं वजनच तिच्या बेताचं आहे, आणि वर सामानाचा विचार करताना हात आखडता घ्यावा लागेल. कंपनीने लिहिलेल्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश धरून चाला, त्यात तुम्ही, बॅटरी, नांगर, पाण्याची बाटली, पकडलेली मासळी, सगळं. मग मुद्दाम पाण्यात पडा आणि परत चढा. पोटावर आडवं झोपून, पाय मारत, मग वळून बसायचं. चढता येत नसेल तर सीटच्या बाजूच्या हँडलला पट्ट्याची रिकीब बांधा, पाय ठेवायला. हे जमल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही, यात मी तडजोड करत नाही. आणि पोकळीत तरंगता माल भरा. पूलमध्ये पोहायला वापरतात त्या फोमच्या नळ्या, किंवा घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या जाळीच्या पिशवीत बांधून. एक लिटरची बाटली साधारण एक किलोचा आधार देते. दोन लिटरच्या दहा बाटल्या घातल्या तर कयाकमध्ये पाणी शिरलं तरी ती तुमच्या हाताशी राहते. सुटं थर्माकोल नको, त्याचे दाणे होऊन ड्रेन तुंबतं.

तीन-चार खेपांत तुम्हाला कळेल की हात कुठे पोचतो, वल्हं कुठे अडतं, पाय लांब केल्यावर पुढे काय राहतं. कागदाच्या चिकटपट्टीने जागा खुणवा, त्याच खुणा घेऊन पुन्हा एकदा पाण्यावर जा, आणि मगच ठरवा.

निम्म्या सामानाला भोक लागतच नाही. सीटमागे टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट ठेवा, मार्केट यार्डात जुने मिळतात. त्याला चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे केबल टायने उभे बांधले की तीन दांड्यांची सोय झाली. पाइपचं वरचं तोंड गनने तापवून थोडं फाकवा, म्हणजे तंगूस (गळाची दोरी) कापली जात नाही. क्रेट कयाकवर आधीच असलेल्या आकड्यांना बंजीने बांधा. शिवाय क्रेट घरी आणता येतो, सामान धुता येतं, आणि नुसतं वल्हवायला जायचं असेल त्या दिवशी घरी ठेवता येतो.

वर एक होल्डर मात्र हवाच, हाताशी, मांडीच्या थोडा पुढे. तो बसवताना बैठकीचा भाग उभा असेल तिथे नको, सपाट डेकवर, पाण्याच्या रेषेच्या बराच वर. जिथे हॅचमधून हात आत जातो तिथे स्टेनलेसचा बोल्ट, आतून मोठा वायसर आणि नायलॉन नट. हात जात नाही तिथे रबरी वेलनट (बोल्ट आवळला की आत फुगणारा नट) किंवा आत तीन फाटे पसरणारा रिव्हेट. साधा स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळू नका, मासा एकदा जोरात ओढला की आटे खाल्ले जातात. तुमच्या कयाकचे हँडल याच कारणाने गळत असण्याची शक्यता मोठी. भोकाभोवती ब्युटाइल टेप किंवा निओप्रीनचा वायसर द्या. सिलिकॉन इथेही धरत नाही, वर सांगितलेल्याच कारणाने. ड्रिल सावकाश चालवा, वेग वाढला की प्लास्टिक कापलं न जाता वितळून बिटाला गुंडाळतं. आणि कयाक गोड्या पाण्यातच राहणार असेल तर ३०४ ग्रेड स्टेनलेस पुरे. कोकणात खाडीत नेणार असाल तर ३१६ घ्या.

नांगराबद्दल एकच गोष्ट घट्ट धरा: कयाकच्या मधोमध कधी बांधायचा नाही. वारा आडवा येतो, दोर ताणतो आणि कयाक त्या बाजूला कलंडते. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बाजूने एक दोरीचं रिंगण फिरवा, त्यात एक कडी, नांगराचा दोर त्या कडीतून. रिंगण ओढलं की नांगराचा ताण पुढे किंवा मागे जातो, आणि तुम्ही सीटवरून हलत नाही. दोर अशा क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, अडकवा की तो एका हिसक्यात सुटेल, सुरी हाताशी. खुंटांच्या पाण्यात दीड किलोचा घडीचा नांगर गुंतून राहतो, तिथे जाळीच्या पिशवीतला दगड बरा, गेला तर गेला. आमच्याकडे खोल धरणाच्या पाण्यात नांगराचा उपयोग कमीच. दोर खोलीच्या किमान तिप्पट लागतो, एवढा दोर कयाकवर कुठे ठेवणार? त्यापेक्षा कापडी बादलीसारखा पाण्यातला पॅराशूट मागे सोडा, वाऱ्याबरोबर संथ सरकत राहता. मरळ आणि चिलापी काठाच्या गवतात, तिथे तर वल्हं गाळात खोचून भागतं.

वाऱ्याचं मात्र हलकं घेऊ नका. मार्चपासून दुपारनंतर धरणावर वारा उठतो, एप्रिल-मेमध्ये वळीव अर्ध्या तासात अंगावर येतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती तुमच्या कयाकपेक्षा मोठी होती. त्या महिन्यांत पहाटे उतरा आणि वारा उठायच्या आत काठावर या. ढग गडगडले की दांडी आडवी. कार्बनची दांडी वीज ओढते. पावसाळ्यात धरणं भरत असताना जायचंच नाही.

फिश फाइंडरचं काम सोपं आहे. ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्याचा आवाजाच्या लहरी सोडणारा भाग, बाहेर लावण्याऐवजी पोकळीच्या आत, तळाच्या सपाट भागावर ठेवा. भरीव पॉलिइथिलीनमधून आवाजाच्या लहरी आरपार जातात, फक्त मध्ये हवेचा एक बुडबुडाही नको. आत फोमची चौकट बसवा, तळाशी व्हॅसलीनचा जाड थर द्या, ट्रान्सड्यूसर त्यात दाबून बसवा. बाजूचं चित्र दाखवणारी यंत्रं असं चालवता येत नाहीत, त्यांचा ट्रान्सड्यूसर पाण्यातच लागतो. बॅटरी बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची भरपूर होते, साधा पडदा एका अँपिअरच्या आतबाहेरच ओढतो. यूपीएसमधली त्या मापाची बॅटरी दोन किलोच्या वर जाते, लिथियम आयर्न फॉस्फेटची निम्म्याहून हलकी. तिला झाकणाच्या डब्यात घाला आणि बॅटरीच्या अगदी जवळ तीन अँपिअरचा फ्यूज द्या. पडद्याशी लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

मोटर यंदा नको. छोटी, ३० पौंड जोराची (वजनाची नव्हे) मोटर पूर्ण वेगात तीस अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढं पुरवणारी शिशाची बॅटरी वीस किलोच्या पुढे जाते, आणि ती ठेवायची ती मागे, जिथे टोक आधीच घासून पातळ झालेलं असू शकतं. शिवाय यंत्र लागलं की २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा विषय निघतो, आणि परवानगी देणारा आधी तेच विचारतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका, पानशेत-खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळाला येतं. त्या पैशांत २३० ते २४० सेंटिमीटरचं हलकं वल्हं घ्या, त्याला दोरीने कयाकशी बांधा. कॅम्पच्या कयाकबरोबर आलेलं ॲल्युमिनियमचं वल्हं बहुतेकदा आखूड असतं आणि रुंद फिशिंग कयाकवर गुडघ्यांना आपटतं. तुम्हाला मोटर हवीशी वाटतेय त्याचं निम्मं कारण ते वल्हंच असेल.